मास्टरचा एम्, आर्ट्सचा ए

ताईला बघून गेलेल्या मुलाकडून होकाराचं पत्र आलं आणि आमच्या घरात रडारड झाली. होकार आल्यावर रडायचं? तर ऐका.

आमचे अण्णा पंचवटीत यात्रेकरूंचं उपाध्येपण करायचे. मुलगा किती शिकलाय, असं त्यांनी पत्र घालून विचारलं होतं. मुलाच्या काकांनी होकाराच्या पत्रातच कळवलं, 'चिरंजीव मास्टर ऑफ आर्ट्स आहेत.' झालं! अण्णा कडाडले, "मास्टर! म्हणजे नाटकवालाच की! जाहिरातीत नाही का असतं, मास्टर अमके, मास्टर तमके! आणि आर्ट म्हणजे कला, एवढं इंग्रजी मलाही येतं."

"अहो, चित्रकलेचा मास्तर असेल," आई म्हणाली.

"मग तर पोरगी उपाशीच मरेल!"

ताई माजघरात, पदर तोंडाशी धरून. आधी बघायला आलेल्यांनी तिला सुईत दोरा ओवायला लावला होता. यानं एकट्यानं विचारलं होतं, "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" तेवढ्यावर ती त्याची झाली होती, मला ठाऊक होतं.

अण्णांनी नकाराचं कार्ड खरडून माझ्या हातात दिलं. "जा, पेटीत टाकून ये."

मी तेव्हा अकरा वर्षांची. शाळा कायमची सुटलेली, पण भावाच्या जुन्या पुस्तकातून इंग्रजी अक्षरं चोरून शिकत होते. कानावर पडेल त्या शब्दाचं पहिलं अक्षर लावायचं, हा माझा चाळा. पायऱ्या उतरतानाही तोंडानं चालूच होतं, मास्टरचा एम्, आर्ट्सचा ए. एम्... ए... अगं बाई, एमे!

अशी माघारी पळत सुटले, की विचारू नका! अण्णांकडे येणाऱ्या यात्रेकरू यजमानांच्या वहीत वऱ्हाडच्या एका वकिलांची सही होती, पुढे इंग्रजीत एम्. ए. 'आमचे यजमान एमे आहेत!' असं म्हणत अण्णा ते पान आल्यागेल्याला दाखवायचे. तेच मी त्यांच्या नाकासमोर धरलं.

"अण्णा, हा एम् मास्टरचा, हा ए आर्ट्सचा! आपला मुलगा एमे आहे!"

"आणि मधला ऑफ कुठं गेला?"

"तो नुसता सोबतीला आलेला!"

अण्णांनी एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि कार्डाचे चार तुकडे केले. "अगं, ऐकलंस का? जावई एमे!" ताईनं मला इतकं आवळलं की माझ्या हातातली बांगडी पिचली.

नवं कार्ड टाकायला अण्णा स्वतः माझ्याबरोबर आले. वाटेत म्हणतात, "मग बी. ए. मधला बी कशाचा गं?"

आता आली का पंचाईत! पण एवढ्या कौतुकानंतर येत नाही कसं म्हणू? पोरांच्या अगदी पहिल्या वर्गाला तेव्हा बिगारी म्हणत. दिलं ठोकून, "बिगारीचा!"

"बरोबर," अण्णांनी मान डोलावली. "आधी बिगारी, मग मास्टर."

लग्नाच्या पंगतीत भावोजींचा एक बी. ए. झालेला मित्र बसला होता. अण्णा त्याच्या पानात जिलबी वाढत प्रेमानं म्हणाले, "घ्या हो, संकोच नको. बिगारी झालात, आता मास्टरही व्हाल!"