इकडेतिकडे सर

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो इकडेतिकडे सरांचा. जळगावच्या कॉलेजात ते पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि त्यांच्यासमोर कुठलाही आकडा उच्चारायची सोय नव्हती. "धुळ्याची गाडी किती वाजता रे?" "सातला, सर." "सातला म्हणजे, किती इकडेतिकडे?" कँटीनवाला, शिपाई, खुद्द प्राचार्य, यातून कोणी सुटलं नाही.

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातला. मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला पहिलाच. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांनी मुकादमाशी बोलून ठेवलं होतं, पोरगा वर्षात नापास झाला तर त्यालाही कामावर घ्या. घरी गेलो की ते विचारायचे, "बठ्ठं बरं चालू शे ना?" मी सगळं बरं आहे म्हणायचो. बरं काहीच चालू नव्हतं.

शाळेत मी व्याख्या पाठ करून पहिला यायचो. इथे पहिल्याच चाचणीत वीसपैकी चार पडले. एका गणितात दोरीला टांगलेल्या केळीच्या घडाचं वजन काढायचं होतं. माझं एकशे ऐंशी किलो आलं. पेपर हातात देताना सर म्हणाले, "केळीच्या मुलखातला ना तू? एवढा घड खांद्यावर आणणारा माणूस मला दाखव." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "लिहिताना तुला शंका आली नाही, त्याचे मार्क कापलेत. 'उत्तर पटत नाही, पण चूक सापडत नाही' एवढं लिहिलं असतंस तरी दोन दिले असते." अशा गोष्टीला मार्क असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्रीपासून मला प्रत्येक आकड्याची भीती वाटू लागली.

प्रॅक्टिकलची आमची रीत वेगळी होती. वरच्या वर्गाची जुनी जर्नलं वसतिगृहाच्या खोलीखोलीत फिरत, आणि रीडिंग घेण्यापेक्षा ती 'बसवायची' असत. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वाचा आकडा ९८१ यायला हवा. माझा १०१२ आला तेव्हा खोलीतला सुपडू म्हणाला, "येडा शे का भो? आधी खाली ९८१ लिही, मग वर वर चढत जा." मी खोडरबर घेतलं आणि चढत गेलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळी जर्नलं टेबलावर मांडली आणि प्रयोगशाळेतली लाकडी पट्टी हातात घेतली. "ही पट्टी या टोकाला अडीच सेंटिमीटर झिजलेली आहे. मी ती मुद्दाम बदललेली नाही. हिने मोजलं तर उत्तर हजाराच्या पुढे जायला पाहिजे. वीस जणांचं ९८१ आलंय. तुमचं अभिनंदन." मग माझं जर्नल खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी खोडलेलं वाचलं. "हजार बारा. हे कोणाचं?"

"माझंच, सर."

"मग हे खरं होतं, गाढवा! खरं खोडून खोटं लिहिलंस." त्यांनी शून्य दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तास सुटल्यावर थांबत जा."

मी वर्षभर थांबलो. ते खुर्ची उलटी करून बसत आणि मला पुन्हा पुन्हा मोजायला लावत. उत्तर जवळ आलं तर खूश होत नसत. चूक कुठून शिरली हे मी शोधलं की चहा मागवत. घरून आणलेल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "खोटं लिहायला अक्कल लागत नाही. चुकलेलं तसंच ठेवायला छाती लागते." हळूहळू माझी भीती कमी झाली. निदान मला तसं वाटलं.

वार्षिक प्रॅक्टिकलला नेमका लोलकच आला. त्यात पास व्हायलाच हवं होतं, नाहीतर वर्ष गेलं. बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून फिरत होते. माझं उत्तर ९४३ आलं. आकडेमोड पुन्हा केली, तेच. वीस मिनिटं उरली होती. डोळ्यांपुढे जिनिंगचं फाटक आलं. मी तीन रीडिंग बदलली. ९७९.

परीक्षक थबकले. "इतकं नेमकं? बसवलंय वाटतं."

पलीकडे उभे असलेले सर पुढे आले. "नाही साहेब. हा बसवणाऱ्यातला नाही. याची जबाबदारी माझी."

परीक्षकांनी सही केली. मी पास झालो. आबांनी मुकादमाला पेढा नेऊन दिला. सरांना पेढा द्यायला मी गेलो नाही. त्यांनी दोनदा निरोप धाडला, तरी गेलो नाही. व्हरांड्यात दिसले की जिन्याने खाली उतरायचो. पुढे ते निवृत्त होऊन धुळ्याला गेले. मी पदवी घेतली आणि नरडाण्याच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास करायच्या कामाला लागलो. दिवसभर माझी सही चाले, आणि प्रत्येक सहीला सरांचं 'याची जबाबदारी माझी' ऐकू येई. नऊ वर्षांनी पत्र लिहिलं, ते असं:

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

वार्षिक परीक्षेत माझं उत्तर ९७९ नव्हतं, ९४३ होतं. तीन रीडिंग मी बसवली होती. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात तेव्हाही मी गप्प राहिलो.

परवा घरी दोरी बांधून प्रयोग पुन्हा केला. चूक सापडली. परीक्षेत मी घड्याळ वेळेवर सुरू केलं, पण घाबरून दर वेळी मोजायला एक झोका उशिरा लागलो. पन्नास म्हणून एक्कावन्न झोके धरले गेले. परवा तसंच मुद्दाम केलं, तर उत्तर ९४३ आलं. वीस मिनिटं हातात होती, सर. तुम्ही शिकवलं होतं तसं शोधलं असतं, तर सापडलं असतं.

ते मार्क आता परत करता येत नाहीत. त्यांच्यावर माझं घर उभं आहे, आबांचं म्हातारपण त्यात सुखाने चाललं आहे. म्हणून माफी मागायलाही जीभ रेटत नाही. रविवारी धुळ्याला येतो. दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपला विद्यार्थी