नोर्जमाची पाटी

गल्लीत बोललं जातं की पुरेवजावच्या व्हॅनची ती नळी नोर्जमानंच ढिली केली होती, सख्ख्या भावाचं नाक कापायला. साफ खोटं. नळी आपसूक ढिली झाली होती. आणि नाकाचं म्हणाल, तर ते आजही जागेवर आहे, उलट बोटभर वरच.

उलानबातरच्या गॅरेजांच्या रांगेत त्यांच्या वडिलांचं गॅरेज. वडील गेले तसे कागद मुलाच्या नावावर झाले. पुरेवजाव प्रवासी व्हॅन हाकायचा. गाड्यांखाली पाठ टेकायची ती थोरली बहीण, अकरा वर्षं. पाटीवर अजून मेलेल्या माणसाचंच नाव होतं. नोर्जमाला एवढंच हवं होतं, की तिथे आपलं यावं.

त्या हिवाळ्यात व्हॅन रडू लागली. स्टिअरिंग वळवलं की "ऊंऽऽ, ऊंऽऽ", बांधून ठेवलेल्या कुत्र्यासारखी. स्टिअरिंगचं तेलही दर आठवड्याला कमी व्हायचं. पुरेवजाव बहीण सोडून सगळ्यांकडे जाऊन आला. पहिला मिस्त्री म्हणाला, "उणे तीस आहे बाबा, तेल घट्ट झालंय. गाडी रडणार नाही तर काय गाणार?" दुसऱ्यानं पंप बदलला. तिसऱ्यानं तो काढून दुसरा बसवला आणि म्हणाला, "तुझा जुनाच बरा होता रे." व्हॅन रडतच राहिली.

शेवटी पुरेवजाव कंटाळला. "ताई, तू शोधून दाखव. पाटीवर तुझं नाव लावतो. आईसमोर सांगतोय."

नोर्जमानं तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आत नुसता गुलाबी फेस.

"तेलात हवा शिरतेय. पंपाकडे जाणाऱ्या नळीतून."

"नळ्या तिघांनी बघितल्या."

"डाव्या अंगाची बघितली?"

डाव्या अंगाला हात कोण लावणार! म्हातारी डोल्गोर लेकाच्या प्रत्येक प्रवासाआधी दूध शिंपडायची. चाकावर तर शिंपडायचीच, पण हात इतका सढळ की पुढच्या जाळीतून आत, डाव्या अंगालाही जायचं. तिथे पांढरे ओघळ गोठले होते. आईचं दूध कोण पुसतो? ओल दिसली तरी तिघांनी दूधच समजून मान झुकवली होती.

"आई, हे धुवावं लागेल."

"भावाचा आशीर्वाद धुतेस? वाटेत त्याला काही झालं म्हणजे?"

"घाटात स्टिअरिंग अडलं तर दूध वळवणार आहे का गाडी?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. नोर्जमानं गरम पाण्यानं सगळं धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर मूठभर पीठ भुरभुरलं. इंजिन सुरू. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. ऊंऽऽ.

"कुठाय गळती? ठणठणीत कोरडं आहे," पुरेवजाव हसला.

"चालू असताना ही नळी हवा ओढते. थांबली की तेल सोडते. बंद कर आणि तोंडही मीट."

दहा मिनिटांनी नळीच्या पट्टीखालून पिठावर लाल दोऱ्यासारखी रेघ उतरली.

तिनं नळी बदलली, नवी पट्टी आवळली, तेल भरलं आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवत हवा बाहेर काढली. व्हॅन सुरू झाली, तिचं रडणं थांबलं. डोल्गोर दुधाचं भांडं घेऊन हजर.

शेजारच्या गॅरेजातून हे सगळं बघत असलेल्या, हे लिहिणाऱ्यानं तेव्हाच पैज लावली, "ताई, रविवारपर्यंत पाटीवर तुझं नाव. हरलो तर दहा तळलेले खुशूर, मटण ठासून भरलेले."

"लाव. नाव त्याचंच येईल."

रविवारी निळी कोरी पाटी चढली. "पुरेवजाव. स्टिअरिंगचा आवाज हमखास शोधून मिळेल." शिडी धरायला नोर्जमाच होती. वरून पुरेवजाव गल्लीला ऐकवत होता, "पिठाची युक्ती माझीच हो! ताईनं धरला नुसता टॉर्च. आणि नळी ढिली झाली कशी, ते नका विचारू. घरातलंच कोणीतरी असतं."

आई खालून म्हणाली, "थोडी तिरकी वाटतेय, राजा." पाटीबद्दल.

नोर्जमानं शिडी सोडली, हात पुसले आणि दहाही खुशूर त्या पाटीखाली उभ्यानंच खाल्ले. गरम होते. एकावरही तिनं फुंकर घातली नाही.