वीस वर्षांची वर्गणी

१० एप्रिल २०२२, रविवार सकाळ. पैजेची रक्कम दोनशे रियाल. हजर तिघं: मी, बायको आणि खालच्या मजल्यावरचे फ्रेंच शेजारी. त्यांच्या देशात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी होती आणि त्यांचं मतदान इथे दोह्यातच होतं. त्यांच्या उमेदवार बाईंना पाच टक्क्यांहून कमी मतं पडली तर त्यांनी आम्हाला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जेवण द्यायचं, नाहीतर मी त्यांना. खर्च दोनशेच्या आत. शिवाय बाई आपटल्या तर आपण पक्ष सोडणार, असं ते महिनाभर सांगत होते.

बाई तरी त्यांच्या पक्षाच्या कुठे होत्या? शेजारी वीस वर्षं वर्गणी भरतात तो पक्ष छोटा, उजवीकडे झुकलेला मध्यममार्गी. तो बाईंच्या मोठ्या उजव्या पक्षाशी आघाडी करतो, अध्यक्षपदाला स्वतःचा माणूस उभा करत नाही आणि मोबदल्यात संसदेच्या काही जागा पदरात पाडून घेतो. २०१७ मध्ये आघाडीच्या उमेदवाराला वीस टक्के मिळाले, तरी तो तिसरा. पुढे यांचे बरेच लोक नव्या अध्यक्षांकडे गेले. मग पक्ष करतो तरी काय, असं विचारलं की शेजारी म्हणत, समतोल राखतो.

"कढीपत्त्यासारखा," बायको म्हणाली. "फोडणीला हवा, खाताना बाजूला."

त्यांची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून ऑफिसातून दोन तासांची रजा काढून मीच त्यांना मतदानाला नेलं. रमजान होता, दिवसा चारचौघांत खाणंपिणं बंद, गाडीत पाण्याचा घोटही घेता येईना. ते पन्नास मिनिटं रांगेत, मी पार्किंगमध्ये.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, ४.७८. पाचच म्हणायचे की, असं त्यांचं म्हणणं. दशांश सोडायचे नाहीत, असं माझं. शिवाय पाचच्या खाली गेल्यामुळे प्रचारखर्चाची सरकारकडून मिळणारी मोठी भरपाई बुडाली होती आणि बाई लोकांकडे मदत मागत होत्या. शेजाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी त्यांना मत दिलं नाही," ते म्हणाले.

मत गेलं होतं पुन्हा उभ्या राहिलेल्या अध्यक्षांना. बाई हरणारच होत्या, अतिउजव्यांना थोपवायला हवं होतं, ऐन वेळी हात तिकडे वळला. माझं डोकं फिरलं. पैज बाईंच्या बाजूने, वर्गणी छोट्या पक्षाला, मत तिसऱ्यालाच, आणि रजा माझी.

"अहो, तुमच्यासारख्यांनीच पाडलं त्यांना."

"माहीत आहे."

तसलं जेवण मला गेलं नसतं. ते पैसे बाईंनाच पाठवा, असं मी सांगितलं. निम्मे तुम्ही घाला, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मी नियम वाचून दाखवला: इथे बसलेल्या परक्या माणसाला तिकडे देणगी देता येत नाही.

शेवटी सूक वाकिफच्या हॉटेलला शून्य. बाईंना, शेजाऱ्यांच्या कार्डावरून, माझ्यासमोर, पन्नास युरो, म्हणजे तेच दोनशे रियाल. आणि कार्ड हातात होतंच म्हणून त्याच बैठकीत छोट्या पक्षाला, एकविसाव्या वर्षाची वर्गणी, तीस युरो.