बाविसावा डबा

१७ जुलै, गुरुवार. मुलं यायच्या आत खिडकीतल्या बावीस डब्यांना चमचा-चमचा पाणी घालायचं होतं. डबे श्रीखंडाचे, तळाला खिळ्याने भोकं पाडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टीवर मुलाचं नाव. आमची बालवाडी नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे आणि उजेडाची खिडकी एकच.

एकवीस डब्यांत वाल वर आले होते. एकात दहाव्या दिवशीही नुसती माती.

कारण मला पेरणीच्या दिवसापासून माहीत होतं. घरून दोन वाल भिजवून पाठवा, असा निरोप मी पालकांना दिला होता. तो डबा ज्या मुलीचा, तिला तिची आजी सोडायला येते. आजींनी डबीतून बिरड्याचे वाल आणले. मोड काढलेले, साल सुटावी म्हणून गरम पाण्यात टाकून सोललेले.

"म्हटलं पोरीला त्रास नको. पहाटे उठून सोललेत, बाई."

फाटकात चार-पाच पालक उभे होते. मी "छान" म्हणाले. आजी, हे उसळीचे झाले, पेरायचे राहिले नाहीत, एवढं बोलायला हवं होतं. बोलले नाही.

ही मुलगी जूनमध्ये आली ती महिनाभर दप्तर मांडीवर घेऊन फाटकापाशीच बसायची. वाल पेरला त्या दिवसापासून ती आपणहून आत येऊ लागली. चप्पल काढायच्या आधी खिडकीशी जायची.

"आला?"

"नाही अजून."

"झोपलाय," असं मलाच समजावून ती जागेवर जायची.

शनिवारी डबे घरी न्यायचे होते. म्हणून त्या सकाळी मी नेहमीचं केलं. वीस वर्षं करते आहे. दरवर्षी दोन-तीन बिया रुजत नाहीत, मी जास्तीचे चार डबे मागे लावून ठेवते आणि मुलं नसताना नावाच्या पट्ट्या त्यांच्यावर चिकटवते. आजवर कुणी ओळखलं नव्हतं. तिचा डबा उपडा केला. वाल करडा, मऊ, वास मारणारा. सगळं ओल्या कचऱ्यात गेलं, आणि पाच मिनिटांत घंटागाडी आली तेव्हा मदतनीस मावशींनी बादली रिकामी करून आणली.

ती आली, डब्यात वाकून पाहिलं.

"हा माझा नाही."

"तुझाच आहे. नाव बघ."

"माझ्यात निळा मणी होता. मी टाकलेला. त्याला खेळायला." तिने बोटाने माती उकरली. "टीचर, माझा कुठे गेला?"

शेजारचा म्हणाला, "टीचरने खाल्ला." वर्ग हसला. मग आपापला वाल आपलाच आहे ना ते बघायला सगळ्यांनी माती उकरायला घेतली. मी ओरडेपर्यंत तीन कोंब मोडले. तेवढ्यात ती दप्तर घेऊन फाटकापाशी जाऊन बसली होती. मी दोनदा बोलावलं, मावशींनी खाऊ दाखवला. उठली नाही.

बीज, माती, पाणी, ऊन असं मी चार बोटांवर शिकवते. कुजण्यासाठी माझ्याकडे बोट नाही, आणि बदलून ठेवण्यासाठी तर नाहीच.

साडेअकराला आजी आल्या. डबा बघून खूश झाल्या.

"आला की गं! आणि तू रडतेस कशाला, खुळे? सोललेला म्हणून कसा झटकन रुजला, काय बाई?"

"हं," मी म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघत होती. आजी तिला ओढत घेऊन गेल्या तेव्हाही मान मागेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी तिच्या शेजारी खाली बसले आणि आजींच्या देखत सांगितलं, की तुझा वाल कुजला होता, सोललेला रुजत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी तो पेरू दिला आणि काल फेकून दिला. आजींनी पदर सारखा केला आणि त्या गेल्या. मुलीने विचारलं, "आणि मणी?"

"तोही गेला."

ती आत आली नाही. मी खिडकीतल्या त्या डब्यावरची तिच्या नावाची पट्टी सोलून काढली, डबा मागच्या ओळीत ठेवला आणि बाकीच्यांना पाणी घालायला घेतलं.