सगळ्यात वरचा काप

रिन्स्के डाइकस्त्रा माझ्या शेजारच्या खुर्चीत एकोणीस वर्षं बसली. त्यातली शेवटची अकरा वर्षं आम्ही दोघी नव्हतो, तिघी होतो. तिसरी यिल्दाऊ, आणि ती तर मेलेली.

आमचं काम सांगायला सोपं. जन्मापासून हृदयात दोष असलेली माणसं एमआरआयच्या नळीत झोपतात, आम्ही हृदयाची कापाकापाने चित्रं घेतो. मग प्रत्येक कापावर उजव्या खालच्या कप्प्याची कडा माउसने आखायची. सगळ्यांची बेरीज केली की कप्पा किती फुगलाय ते कळतं. आकडा हद्दीबाहेर गेला की नवी झडप बसवतात. एकीने मोजायचं आणि दुसरीने तो आकडा न बघता पुन्हा मोजायचं, असा नियम.

यिल्दाऊ एकवीस वर्षांची, तोंडाळ. नळीत जाताना म्हणाली, "रिन्स्के, श्वास धर म्हणशील, पण परत घे म्हणायला विसरू नकोस हं!"

रिन्स्के ते विसरली नाही. पण सगळ्यात वरचा काप तिने सोडला. हृदय आवळलेलं असताना तिथे वरचा कप्पा दिसतो, तेवढंच तिने पाहिलं. हृदय सैल असताना तिथे खालचाच कप्पा असतो. आकडा हद्दीच्या आत आला, "वर्षाने या" असं पत्र गेलं. आठव्या महिन्यात सायकलचं कुलूप शोधता शोधता यिल्दाऊ स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून रिन्स्के प्रत्येकाला "श्वास घ्या" दोनदा सांगायची. कॉफी पिता पिता मधेच थांबायची, कान देऊन. "आली का गं तुझी पोरगी?" असं आम्ही चिडवायचो. मी जरा जास्तच.

गेल्या शुक्रवारी तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा, या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे केक तिनेच आणला होता. केकच्या आधी योरित नावाच्या सुताराच्या हृदयाचं मोजमाप होतं. नवी डॉक्टर लोटे म्हणाली, "हद्दीच्या आत आहे. थांबता येईल."

"वरचा काप कुठाय?" रिन्स्केने विचारलं.

"तो वरचा कप्पा आहे ना?"

"सैल चित्र बघ, शहाणे."

लोटेने बघितलं, कडा आखली आणि नवा आकडा हद्दीबाहेर गेला. मग तिने विचारलं, "दुसऱ्यांदा कोण मोजणार?"

"ही," रिन्स्के माझ्याकडे न बघता म्हणाली. "फक्त आकडा झाकून ठेव. हिला बघून लिहायची सवय आहे."

म्हणजे अकरा वर्षं तिला माहीत होतं. यिल्दाऊच्या कागदावरची दुसरी सही माझी. त्या दिवशी बर्फ पडत होतं, मला लवकर घरी जायचं होतं. रिन्स्केचा आकडा बघितला, वेगळा दिसावा म्हणून दोनने कमी केला आणि सही ठोकली. तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मला भयंकर लाज वाटली.

रिन्स्के केक कापायला गेली. मी खालच्या कापापासून एकेक कडा आखत वर गेले. सगळ्यात वरच्या कापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं, मी कधीची श्वास धरून बसलेय. आणि घे म्हणणारं कोणी नव्हतं.