शोर्मा नदीवरचं वळण

समजा, तुमच्या हातात पहार दिली, पाठीवर फर झाडाच्या पन्नासेक फांद्या बांधल्या आणि सांगितलं, नदीवर चाला. नदी नुकती गोठलेली. पाऊल टाकण्याआधी पुढे पहार मारायची. एका घावात पाणी वर आलं, तर आल्या पावली मागे फिरायचं. तीन घाव लागले तर माणूस जाईल, गाडी नाही. पाच लागले तरी हुरळून जायचं नाही. गिरमिटाने भोक पाडायचं, आकड्याची काठी आत सोडून बर्फाची जाडी मोजायची आणि त्याच भोकात एक फांदी रोवायची. तासाभरात ती थिजून घट्ट बसते. अशा फांद्यांच्या दोन रांगा या काठापासून त्या काठापर्यंत. हिवाळाभर त्यांच्यामधून पावाची गाडी जाते, डॉक्टरीण जाते, आणि कोणी मेलं तर तेही त्यांच्यामधूनच जातं. जमेल तुम्हाला?

कपितोन येरेमेयेविच म्हणेल, नाही. त्याच्या मते तुम्ही पहार उलटी धराल.

हे मत तुमच्यापुरतं नाही. सबंध पोझ्मा तालुक्यात पहार सुलटी धरणारा एकच माणूस आहे, असं त्याचं म्हणणं. तालुका म्हणजे तरी काय? जंगल, दलदल, पुन्हा जंगल, आणि मध्ये कोणी चुकून टाकल्यासारखी गावं. कागदावर सेहेचाळीस. त्यातल्या एकोणतीस गावांत माणूस औषधालाही नाही, पण गेल्या उन्हाळ्यात कचेरीने त्यांच्याही पाट्या रंगवून घेतल्या. "रानडुकरांना वाचता यायला हवं ना," कपितोन म्हणाला होता. त्याच्या झापोल्ये गावात हिवाळ्यात अकरा माणसं उरतात. त्या अकरांबद्दलही तो फारसं चांगलं बोलत नाही. एक दारुडा, दोन आळशी, बाकी बायका. आणि एक लुकेर्या, त्याची थोरली बहीण, जिच्याबद्दल तो मागे बोलतो, समोर नाही.

एकतीस वर्षं नदीवरची वाट तोच आखत आला होता. ती सरळ नव्हती. निम्म्यापर्यंत नीट जायची, मग उजवीकडे मोठं वळण घेऊन खालच्या अंगाला उतरायची. कारण समोरच्या उंच कड्याखाली, नदीच्या तळातून, कोमट पाण्याचा झरा वर येत होता. कपितोन नऊ वर्षांचा असताना तिथे त्याच्या बापाची घोडी घसरगाडीसकट आत गेली होती. बाप उडी मारून वाचला आणि काठावर बसून लहान मुलासारखा रडला. कपितोनने बापाला रडताना पाहिलं ते तेवढंच.

यंदा डिसेंबरात कचेरीने वादिम गेर्मानोविच नावाच्या सव्वीस वर्षांच्या इंजिनिअरला पाठवलं. नवे बूट, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन, फोनमध्ये नकाशा. नकाशावर काठापासून काठापर्यंत एक सरळ लाल रेघ.

"कपितोन येरेमेयेविच, वाट इथून जाणार. मंजुरी सरळ वाटेची आहे. तुमचं वळण सहाशे मीटर जास्त पडतं."

"वा साहेब! नदीने सही केली का मंजुरीवर?"

"मस्करी नको. लाकडाची गाडी बुधवारी येणार, त्याआधी मला मोजमाप पाठवायचंय."

"बुधवारी गाडी येईल, गुरुवारी तिला काढायला क्रेन येईल. रेघ छान आहे हो तुमची. बुडताना निदान सरळ बुडाल."

मागे लुकेर्या कुबडीसारखी काठी टेकून उभी होती. चारी बाजूंनी जंगल असून झापोल्येत जळण विकत येतं, कारण उभं झाड तोडायला परवाना लागतो आणि परवाना आणायला नदी ओलांडावी लागते. तिच्या घरात आठ दिवसांपुरतीच लाकडं उरली होती.

"कपितोन, त्याला बघू तरी दे," ती म्हणाली.

"बघू दे ना. मी कुठे अडवलंय? आईचा पत्ता लिहून ठेव म्हणावं."

पण वादिम खरंच सरळ निघाला, तेव्हा कपितोनने काठावरचा दोर उचलला. या शहाण्याला मरायची हौस असेल, पण मरायचं तर कचेरीत मर, माझ्या नदीत का? शिव्या देत तो मागे धावला, दोराचं टोक त्याच्या अंगावर फेकलं. "कमरेला बांध, गाढवा! गाठ मार! अशी नाही, अशी!" दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून तो वीस पावलांवर बर्फावर पालथा पडला, पाय फाकवून, म्हणजे ओढायला जोर मिळावा.

कड्याखाली वादिम थांबला. त्याने गिरमिट फिरवायला घेतलं. कपितोन डोळे मिटून आवाज ऐकत होता. गिरमिट फिरतच राहिलं.

"त्रेचाळीस सेंटिमीटर," वादिम ओरडला.

"काठी उलटी धरली असशील."

"या तुम्ही, मोजा."

कपितोन पोटावर सरपटत गेला. आकडा आत सोडला. त्रेचाळीस. त्याने गिरमिट हिसकावून घेतलं आणि चार पावलांवर दुसरं भोक पाडलं. एकेचाळीस. मग उठून उभा राहिला, टोपी फेकली आणि भोकांमागून भोकं पाडत सुटला. सात भोकं झाली. कुठेही चाळिसाच्या खाली नाही. त्याने फरचं एक काडीएवढं टोक तोडून पाण्यात टाकलं. झरा असता तर ते भोवऱ्यासारखं फिरलं असतं. ते नुसतं पडून राहिलं.

"एकतीस वर्षांत इथे एकदाही मोजलं नाहीत?" वादिमने विचारलं. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि तेच कपितोनला जास्त लागलं.

मोजलं नव्हतं. तिकडे जायचं नाही हे एकदा ठरलं, की तिथे काय आहे ते बघायलाही कोणी जात नाही. बाकीच्यांचं एक वेळ ठीक, ते पहार उलटी धरणारे. पण तो?

काठावर लुकेर्याने ऐकलं आणि काठी आपटली. "म्हणजे पिठाची पोती मी एवढी वर्षं उगाच फिरवून आणली? मेल्या, माझे गुडघे गेले त्या वळणापायी!"

"घोडी बुडाली होती, लुकेर्या."

"घोडी बावन्न वर्षांपूर्वी बुडाली!"

दुपारपर्यंत सरळ वाटेवर फांद्या लागल्या. वादिमने लावल्या, वाकड्यातिकड्या, आणि कपितोनने त्या तशाच राहू दिल्या. बुधवारी लाकडाची गाडी झरझर आली, लुकेर्याच्या दाराशी रिकामी झाली आणि परत गेली. गावाने चालकाला चहा पाजला. जवळची वाट मिळाली म्हणून सगळे खूश. झऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही.

कपितोन मात्र त्या दिवशी कड्यावर चढला. वर पूर्वी दाट फरचं रान होतं. आता कापलेली खोडं, त्यांच्यावर बर्फ, आणि लाकडाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. हे रान कधी कापलं? दहा वर्षं झाली असतील, नाहीतर पंधरा. त्याने पाहिलं होतं, तोडणाऱ्यांना नालायकही म्हटलं होतं, पण वर्ष लक्षात ठेवलं नव्हतं. झऱ्याचं पाणी याच रानाच्या मातीत मुरून खाली जात असेल का, आणि रानाबरोबर आटलं का? की कारण दुसरंच काही? आणि आपण वळणावरून पोती ओढत होतो त्यातल्या किती वर्षांत खाली काहीच नव्हतं?

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या लोकांना काहीतरी विचारण्यासाठी.

"कड्याखालचा झरा बंद झालाय. कधी झाला, त्याची नोंद आहे का?"

"कुठला झरा, आजोबा?" पलीकडची मुलगी म्हणाली. "आमच्या नकाशात तिथे झरा नाहीच."

त्याने तिला मूर्ख म्हटलं आणि फोन ठेवला. तालुक्यात झऱ्याची चौकशी करणारा माणूस आता तो एकटाच होता, आणि त्यालाही माहीत नव्हतं: एवढं पाणी गेलं कुठे, आणि कुठल्या हिवाळ्यात?