पाश्चराइज्ड कथा

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. राजारामपुरीतील एका वाचनालयाच्या सभागृहात मी माझी कथा वाचून संपवली आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या ज्येष्ठ कथाकारांकडे पाहिले. निवृत्त प्राध्यापक, आम्ही सारे त्यांना सर म्हणत असू. मी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, हे त्यांना ठाऊक होते.

"कथा बरी हाय की," ते म्हणाले. सभेत मुद्दाम गावरान बोलण्याची त्यांची लकब होती. "पण पाश्चराइज्ड हाय. तापवली, गार केली, पिशवीत भरली. पोरी, दूध कट्ट्यावर म्हशीखाली ग्लास धरून पी कवातरी. धारोष्ण म्हंजे काय ते कळंल."

सभागृह हसले. शिष्टाचार म्हणून मीही हसले, आणि तेच अधिक झोंबले.

त्यानंतर चौदा महिने मी कथा लिहिली नाही. टीका चुकीची असती तर मी ती खोडून काढली असती. नेमकी असती तर सुधारणा केली असती. ती केवळ चटकदार होती, आणि चटकदार वाक्याला उत्तर देता येत नाही. लिहायला बसले की प्रत्येक वाक्य डेअरीतल्या दुधासारखे बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून आणल्यासारखे वाटे. मी लॅपटॉप मिटून टाकी.

मग पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतला मुरगूडचा सहकारी सकाळीच हसत आला.

"मॅडम, काल आमच्याकडं एका साहित्यिकांचं भाषण झालं. कुठल्या तर डेअरीतल्या बाईची अशी उडवली, अशी उडवली! पाश्चराइज्ड कथा म्हणं!"

ती बाई मी, हे त्याला माहीत नव्हते. मला मात्र एवढे कळले की माझा अपमान गावोगाव फिरत आहे आणि त्यावरच्या टाळ्या सर घेत आहेत. इतक्या महिन्यांत प्रथमच मला कडकडून भूक लागल्यासारखे वाटले.

त्याच संध्याकाळी निर्जंतुक बाटली आणि बर्फाचा डबा घेऊन मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले. म्हैस समोर उभी, गिऱ्हाइकाच्या ग्लासात थेट धार. माझी बाटली पाहून दूधवाला थबकला.

"ताई, ग्लास सोडून बाटली? ल्हान लेकरू हाय व्हय घरात?"

"न्हाय. दुश्मन हाय."

"मग एवढ्याशानं काय हुतंय? लिटरभर न्ह्या की!"

बेत साधा होता. सरांच्या लाडक्या धारोष्ण दुधात जिवाणू किती, याचा अहवाल काढायचा आणि त्यांना धाडायचा. नमुना विरळ करून मी पेट्री डिश नावाच्या उथळ बशांत ओतला आणि त्या इन्क्युबेटरच्या उबेत ठेवल्या. जिवाणूंच्या वसाहती दिसू लागायला अठ्ठेचाळीस तास लागतात. त्यात घाई चालत नाही.

घरी स्वस्थ बसवेना, म्हणून अहवालासोबतचे पत्र लिहायला घेतले. दुसऱ्याच परिच्छेदात त्यात एक गृहस्थ शिरले. गुडघे दुखतात म्हणून कट्ट्यावर बायकोला पिटाळणारे, आणि धारोष्ण दुधावर जगाला व्याख्याने देणारे. बायको चरवी घेऊन येते, दूध मुकाट्याने तापवते, कोमट करते आणि या तांब्यातून त्या तांब्यात उंचावरून ओतून फेस आणते. वीस वर्षे. मी पत्राचा मायना खोडला आणि थांबलेच नाही.

तिसऱ्या दिवशी वसाहती मोजल्या. मला आकडा मिलिलिटरमागे दहा लाखांच्या पुढे हवा होता. आला एकेचाळीस हजार. कच्च्या दुधासाठी उत्तमच. दूधवाला कास स्वच्छ धुणारा निघाला. मी पुन्हा मोजले. आकडा तोच.

आकडे माझ्या बाजूने साक्ष देणार नव्हते. अहवाल फाडताना मला राग आला, निराशा मात्र आली नाही. कारण सरांना शिक्षा करण्याचे दुसरे साधन तोवर अकरा पानांचे झाले होते, आणि त्याला पुराव्याची गरज नव्हती.

कथा पूर्ण करून मी त्याच सभागृहात वाचली. अध्यक्ष तेच. यातून मन निवळले, क्षमा सुचली, असे काही लिहिण्याचा मोह मला नाही. सरांचे ते वाक्य मी त्या गृहस्थांच्या तोंडी शब्दशः घातले होते: "पाश्चराइज्ड हाय. तापवली, गार केली, पिशवीत भरली." ग्लास हातात धरून, ओठांवर फेस घेऊन ते शेजाऱ्याच्या सुनेची कविता अशी निकालात काढतात. आत त्यांची बायको तापवलेल्या पातेल्याच्या कडेची साय चमच्याने खरवडून खात असते.

सभागृहात हशा फुटला. मुरगूडचा सहकारी, ज्याला मी आग्रहाने बोलावले होते, खुर्चीवरून घसरायच्या बेताला आला. मी कागदावरून मान वर केली आणि सवयीने मोजले. श्रोते, अध्यक्षांसह : छत्तीस. हसणारे : पस्तीस. न हसणारे : एक.